मदत हवी आहे: रानाच्या 'ओ'साठी तुमच्या घरातल्या हाका हव्यात (खानापूर, बेळगाव, निपाणी)

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. आम्ही सातजण मिळून वीसेक मिनिटांची श्रुतिका करतोय, दिवाळीत गावच्या देवळात ऐकवायला. गोष्ट आमचीच. कणकुंबीच्या पलीकडं एक रान आहे, आजवर तिथं मारलेली प्रत्येक हाक ते साठवून ठेवतं. चुकलेली म्हैस शोधत एक पोरगी तिथं जाते, हाक मारते, आणि रान त्या सगळ्या हाकांनी एकदम तिला ओ देतं.

हा ओ काही केल्या जमत नाहीये.

आधी आम्ही सातांनीच हाका मारल्या आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या प्रती काढून मागंपुढं सरकवल्या. पन्नास ट्रॅक झाले, पण पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं घुमतंय. तोच आवाज काही मिलिसेकंदांच्या फरकानं स्वतःवरच पडला की त्यातल्या काही कंप्रता (फ्रिक्वेन्सी) मारल्या जातात. पट्टी वर-खाली करून पाहिली, तरी माणसं सातच आहेत हे कानाला कळतं. 'द टू टॉवर्स' या चित्रपटातल्या सैन्याच्या आरोळ्यांसाठी पीटर जॅक्सननं २००२ साली वेलिंग्टनला क्रिकेट सामन्याच्या मध्यंतरात सुमारे २५ हजार प्रेक्षकांचा आवाज घेतला होता, तो का ते आता कळतंय. आम्हाला शंभरेक पुरतील.

वडीलधाऱ्यांच्या हाका हव्यात. बांधावरून, ओढ्यापलीकडून माणसाला नाहीतर जनावराला मारतात तशाच. निपाणीकडं तंबाखूच्या शेतात बायका एकमेकींना कशा बोलावतात, येळ्ळूरला शेवटचा स्वर वर नेतात की खाली सोडतात, "ये की गा"मधला 'गा' किती लांबतो, तेच ऐकायचंय. कन्नड, कोंकणी हाकाही पाठवा, गोष्टीतल्या रानातून सगळेच गेलेत. भुताखेताचे नाटकी आवाज मात्र नकोत.

म्हाताऱ्या बायकांचे आवाज फारच कमी मिळालेत. माझी आजी दरडीवर उभी राहून म्हशींना बोलवायची. ती हाक कुणी कधी रेकॉर्ड केली नाही, गोष्ट सुचली ती त्यावरूनच. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आम्हाला पाठवा नका पाठवू, पण आजच रेकॉर्ड करून ठेवा.

रेकॉर्डिंग उघड्यावर, भिंतींपासून लांब करा. फोन पाच-सहा हात दूर धरा, जवळून आवाज फाटतो. आधी दहा सेकंद गप्प राहा, म्हणजे मागची घरघर काढता येते. मग थांबत थांबत तीन हाका. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज नको, त्यात आवाज फार दाबला जातो. मूळ फाइल हवी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात की दुवा देते. नंतर नको वाटलं तर सांगा, काढून टाकेन.

आता जाणकारांना प्रश्न. प्रत्येक फोनमधला आवाज आपली जागा सोबत घेऊन येतो. हे सगळे एकाच दरीत आहेत असं कसं भासवायचं? दरीत फुगा फोडून तिची घुमी (आवाज घुमत राहणं) रेकॉर्ड करतात आणि सगळ्या आवाजांवर लावतात, असं वाचलंय. भीमगड अभयारण्यात असला आवाज करणार नाही, आमच्या शेताखालच्या घळीत करीन. पण फुग्याऐवजी टाळी चालेल का?

प्रतिसाद

ताई, टाळीत खालचे स्वर फार कमी येतात. मोठा फुगाच घ्या, पहाटे वारा पडलेला असताना. आणि सगळ्यांना एकाच अंतरावर ठेवू नका. १०० मीटर यायला आवाजाला साधारण ०.३ सेकंद लागतो, त्या हिशोबानं लांबचे आवाज उशिरा सोडा, त्यांतले वरचे स्वर कापा, घुमी वाढवा. निम्मं काम तिथंच होईल.

आमची आई अनगोळची, ८१ वर्षांची. उद्या सकाळी तिला शेतावर नेतो. कुणाला हाक मारू, म्हणून विचारतेय.

धागाकर्ती

दादा, फार उपकार झाले. कुणाला ते आईंनाच ठरवू दे. नाव घेऊन मारली तरी चालेल.