निकेलची गरज मातीने नव्हे, विकराने दाखवली
वनस्पतीला कोणते अन्नद्रव्य अत्यावश्यक आहे हे माती-परीक्षणातून कळते, असे म्हटले जाते; हे विधान मला अपुरे वाटते. निकेलच्या बाबतीत वाट दाखवली ती एका विकराने (एन्झाइमने, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाने). जॅक बीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून रसायनशास्त्रज्ञ जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएज या युरियाचे विघटन करणाऱ्या विकराचे स्फटिक मिळवले, पण त्या विकरात निकेल असते हे उघड व्हायला १९७५ साल उजाडले. निकेलविना वाढवलेल्या सोयाबीनच्या पानांची टोके करपतात, आणि तीही नत्राच्या तुटवड्याने नव्हे, तर विघटन न झालेला युरिया तिथे साचत गेल्यामुळे. इतकी सूक्ष्म गरज सिद्ध करणे फार जिकिरीचे असते, कारण बियांतला साठाच रोपाला पुरतो. म्हणूनच बार्लीच्या सलग पिढ्या निकेलरहित पोषणद्रावात वाढवाव्या लागल्या, तेव्हा कुठे दाण्यांची उगवणक्षमता ढासळलेली दिसली.