फ्यूज्ड ग्लासच्या तबकड्या आठवड्याभराने तडकतायत – दोष अ‍ॅनीलिंगचा (ताण जावा म्हणून काच सावकाश गार करण्याचा) की काचेचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पार्ल्यात घरीच फ्यूज्ड ग्लासचं, म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत वितळवून जोडायचं काम करते. छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, किचनच्या गॅलरीत १६ अ‍ॅम्पिअरच्या वेगळ्या पॉइंटवर. कोस्टर, तबकड्या, खिडकीत टांगायची तोरणं असं करते. दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल घेतलंय आणि नेमका आत्ताच माल तडकायला लागलाय.

भट्टीतून काढताना तबकडी ठणठणीत असते. पुसून कपाटात ठेवते. आठवड्याभराने बघावं तर निळ्या फुलाच्या कडेकडेने केसाएवढी चीर. कुणी हातही लावलेला नसतो. एक तर मध्यरात्री टक्कन आवाज करून गेली. सासूबाई उंदीर म्हणून काठी घेऊन उठल्या!

तपशील: खालची पारदर्शक काच सीओई (तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा) ९६ची, लेबलवाली, ३ मिमीचे दोन थर. वरचे रंगीत तुकडे स्टेन्ड ग्लासच्या एका कारखान्यातून किलोवर आणलेले कटपीस. त्यांवर काहीच छापलेलं नाही. ८०० अंशांना फुल फ्यूज (थर वितळून एकजीव होईपर्यंत), मग अ‍ॅनीलिंगसाठी ५१०ला तासभर होल्ड (तेच तापमान धरून ठेवणं), पुढे सावकाश उतार. दुसऱ्या दिवसापर्यंत झाकण उघडत नाही. नुसत्या पारदर्शक काचेचे कोस्टर याच भट्टीत, याच प्रोग्रामवर एकदम व्यवस्थित निघतात.

होल्ड वाढवून बघू का? काचवाले म्हणतात, "मॅडम, काच ती काच." कटपीस कुठल्या सीओईचे हे घरच्या घरी कळतं का? लेबलवाली रंगीत काच बाहेरून येते, तिचा भाव ऐकूनच भट्टी थंड होते.

शिवाय लोक विचारतात, तबकडीत पणती ठेवली तर चालेल का? आणि जीएसटी नोंदणी आत्ताच करावी लागेल का?

प्रतिसाद १

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. नुसती पारदर्शक काच टिकते आणि चीर फुलाच्या कडेने जाते, म्हणजे संशय काचेवरच. अ‍ॅनीलिंग कमी पडलं की चीर सहसा रंगाची हद्द न जुमानता आरपार जाते. दोन काचा आकसण्यात जुळत नसतील तर होल्ड कितीही वाढवा, सांध्यातला ताण जात नाही. खिडकीची साधी काचच बघा, ती ८५च्या आसपास असते. ९६ बरोबर कधीच नांदणार नाही.

घरी तपासता येतं. पारदर्शक काचेची लांब पट्टी घ्या. तिच्यावर प्रत्येक रंगाचा नखाएवढा तुकडा अंतर सोडून ठेवा आणि एका टोकाला त्याच पारदर्शक काचेचा एक तुकडा. हा शेवटचा विसरू नका. फुल फ्यूज करा, पट्टी पूर्ण गार होऊ द्या. मग लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पांढरा करून पट्टी समोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवत राहा. स्क्रीन काळा पडला की थांबा. ज्या तुकड्याभोवती उजळ कडं दिसेल तो जुळत नाही. पारदर्शक तुकड्याभोवतीही उजेड दिसला तर मात्र अ‍ॅनीलिंगच चुकतंय.

प्रतिसाद २

पणतीसाठी म्हणून अजिबात विकू नका. टी-लाइटची पत्र्याची वाटी तळाला चांगलीच तापते. काच एकाच जागी तापली आणि कडा गार राहिल्या की चांगली अ‍ॅनील केलेली तबकडीही जाऊ शकते. बॅटरीचे दिवे ठेवा म्हणावं. कटपीसमधल्या तबकड्या फराळासाठीही देऊ नका, त्या रंगांत काय आहे हे आपल्याला माहीत नाही.

प्रतिसाद ३

जीएसटीचं: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ऑनलाइन विक्रीच्या साइटवरही १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना नोंदणीशिवाय माल टाकता येतो, पण तो राज्यातच विकायचा आणि जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा. एकदा सीएला विचारून घ्या.

न विचारता एक सांगतो. भाव लावताना भट्टीतल्या शेल्फची जागा मोजा. अर्धं शेल्फ अडवणाऱ्या तबकडीने त्या फायरिंगच्या विजेचा अर्धा खर्च काढलाच पाहिजे. प्रदर्शनात कोस्टर खपतात ते भाव बघून, तबकड्या रंग बघून. सगळं एकाच पटीत लावलंत तर तबकड्यांमध्ये मार खाल.

धागाकर्ती

खूप आभार! पट्टी केली. मिस्टरांचा गॉगल लावून लॅपटॉपसमोर मान वाकडी करून बसले होते, लेकीने फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. पारदर्शक तुकडा स्वच्छ. निळा आणि हिरवा यांच्या कोपऱ्यांशी पांढरी फटफटीत कडी. अंबरला अगदी पुसट. निळ्या-हिरव्याच्या तबकड्या न तडकलेल्याही बाजूला काढल्यात, विकणार नाही.

आता निळ्याचा पाचेक किलो माल पडलाय. एकाच शीटचे तुकडे आपसात जुळतील ना? मग पारदर्शक थर न घेता निळ्यावर निळाच ठेवून तोरणाचे लोलक करता येतील असं वाटतंय. आणि अंबरचं काय करू? पुसट कडं दिसलं तर तुम्ही विकता, की तेही बाद?

प्रतिसाद १

निळ्यावर निळा चालेल, फक्त तुकडे एकाच शीटचे आहेत याची खात्री करा. किलोच्या मालात दोन निळे सहज मिसळलेले असतात. पुसट कड्याचं मी छोट्या दागिन्यांत वापरते, तबकडीत नाही. आणि नवीन लॉट आणलात की पट्टी पुन्हा करायची.