मदत हवी आहे: ऑस्टिनला टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकाला शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात मदत करणारा विद्यार्थी) म्हणून काम केलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. भाची ऑगस्टमध्ये एमएससाठी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला, ऑस्टिनला चालली आहे. तिला टीएचं काम मिळालंय. म्हणजे "मार्क का कापले?" म्हणून तावातावाने येणारी मुलं आधी तिच्याच टेबलासमोर उभी राहणार. माझा जीव तिथेच अडकलाय.

टेक्ससमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं, अगदी वर्गातसुद्धा. (याच विद्यापीठातल्या टॉवरवरच्या गोळीबाराला नेमकी त्याच दिवशी ५० वर्षं झाली होती. वाचून अंगावर काटा आला.) खासगी विद्यापीठांना नकार देता येतो, राईस या खासगी विद्यापीठाने तो दिलाही. ऑस्टिनला प्राध्यापक स्वतःच्या एकट्याच्या खोलीपुरती बंदी घालू शकतात, पण टीए बसतात सामायिक खोलीत.

स्वसंरक्षणाचा मुद्दा मला पटतो. रात्री लॅबमधून एकटीने परतणाऱ्या मुलीची भीती खोटी नसते. पण समोरच्याच्या बॅगेत काय आहे हे माहीत नसताना कोणाला नापास करायला हात धजावेल का?

तिथे शिकलेल्यांनी कृपया सांगा: ऑफिस अवर्स (मुलांना शंका विचारायला भेटण्याची ठरलेली वेळ) कुठे घेता, झूमवर घेतलेले चालतात का? आणि बाहेर घर घेताना रूममेटकडे बंदूक आहे का, हे सरळ विचारतात का? विद्यार्थी व्हिसावर बंदूक बाळगायला सहसा मनाईच असते, त्यामुळे घरात दुसऱ्याची असली तर हिला काही अडचण येईल का? भाडेकरार याच आठवड्यात करायचाय.