१९१२ साली इंग्रजांच्या चर्चने भारतीय माणसाला बिशप केलंच कसं?

घाटमाथा_७७
काझीपेठहून विजयवाड्याकडे जाताना डोर्नकल जंक्शन लागतं, तिथल्या कॅथेड्रलचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला होता. घुमट, मिनार, देवळात असतात तसे खांब. मला आधी वाटलं निजामाची जुनी कचेरी असेल. शोधलं तर कळलं, चर्च आहे आणि ते उभं करणारे वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. आता मला पडलेला प्रश्न असा की तेव्हा साधं कलेक्टर व्हायचं तरी आपल्या माणसाची दमछाक व्हायची, मग चर्चने एवढी मोठी खुर्ची दिली कशी, आणि ती खरी होती की नुसती शोभेची? शिवाय बिशप म्हटलं की मला कॅथलिकच आठवतात, त्यात हे अँग्लिकन काय वेगळं ते पण सांगा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

नगरी_ठेचा
अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची परंपरा. पोपचा अधिकार नाही, पाद्री आणि बिशप लग्न करू शकतात. अझरियांचंही झालेलं होतं, बायको अन्बू डोर्नकलच्या बायकांमध्ये काम करायची.

आता खुर्ची. जन्म १८७४, तिरुनेलवेलीकडचं वेल्लालनविलई गाव, घर नाडर समाजातलं, वडील गावचे पाद्री. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले पण डिग्री न घेताच बाहेर पडले आणि वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी झाले. १९०२ ला श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले होते, तिथले तमिळ ख्रिश्चन स्वतःच्या जोरावर मिशन चालवतात हे बघितलं आणि परत येऊन पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी काढली. माणसं आपली, पैसा आपला, गोऱ्यांकडे हात पसरायचा नाही. या सोसायटीने कामाला निवडलेला भाग म्हणजे हे डोर्नकल. १९०९ ला हा माणूस शहरातली बरी चाललेली नोकरी सोडून स्वतःच तिथे जाऊन राहिला, पस्तिशीत तेलुगू शिकला. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी नाव लावून धरलं. गोऱ्या मिशनऱ्यांनी नाकं मुरडली, आणि आपल्या ख्रिश्चनांतही सगळेच खूश नव्हते बरं का. शेवटी २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये दीक्षा झाली.

शोभेची म्हणाल तर नाही. १ जानेवारी १९४५ ला वारले तोवर डोर्नकलचा कारभार त्यांच्याच हातात होता. पण तेवढ्या ३२ वर्षांत स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा इलाखा) मिळालेला दुसरा भारतीय अँग्लिकन बिशप झाला नाही, जे होते ते गोऱ्याच्या हाताखाली सहाय्यक. आमच्या नाशिकचा धर्मप्रांत १९२९ चा, तिथेही पहिले बिशप फिलिप लॉइड, म्हणजे साहेबच. म्हणजे दार उघडलं ते एकाच माणसापुरतं, असं माझं मत.

बोरीबंदर_लोकल
वर एडिनबर्ग राहिलं की. १९१० ची जागतिक मिशनरी परिषद, सभागृहात बहुतेक सगळे गोरे, आणि हे पस्तीस वर्षांचे गृहस्थ उभे राहून तोंडावर सांगतात की तुम्ही आम्हाला हाताखालची माणसं समजता, घरी जेवायला बोलवत नाही. शेवट तर बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रातला १३ वा अध्याय धरूनच केला: तुम्ही गरिबांना अन्न घालायला आपलं धन दिलंत, शरीरं जाळायला दिलीत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. बरेच जण चिडले. आणि एवढं बोलल्यावर दोन वर्षांत बिशप, हे मला जास्त भारी वाटतं.

सरळमार्गी
सगळं ठीक आहे हो, पण धर्मांतराचं काय? गांधीजींचा यांच्यावर राग होता असं ऐकलंय. मग उगाच देशभक्त करू नका.

नगरी_ठेचा
@सरळमार्गी देशभक्त कोणी म्हटलं नाही इथे. मतभेद होते आणि चांगलेच होते. डोर्नकलच्या आसपास माला आणि मादिगा या तेलुगू दलित समाजांतली गावंच्या गावं ख्रिस्ती होत होती, गांधीजींना असं सामूहिक धर्मांतर मान्य नव्हतं, आणि ३५ साली येवल्याला बाबासाहेबांची घोषणा झाल्यावर तर तो विषय देशभर पेटला. अझरियांचं म्हणणं असं की या लोकांना स्वतःचं बरंवाईट कळतं, त्यांना कोणी फसवून नेलं असं धरून चालणं हाच त्यांचा अपमान. हे पटो न पटो, पण दुसरी बाजूही बघा, ख्रिश्चनांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत असं याच माणसाने ठणकावून सांगितलं, का तर त्याने चर्चची एक जातच होईल. मतांचा हिशेब करणारा माणूस असं बोलेल का?

घाटमाथा_७७
धन्यवाद मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न, माला मादिगा एकाच चर्चमध्ये आले तर जात सुटली का?

बोरीबंदर_लोकल
कसली सुटतेय. त्यांनी एका पंगतीसाठी, एकाच प्याल्यातल्या प्रभुभोजनासाठी (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) आयुष्यभर हट्ट धरला, तरी माला मादिगा वाद चर्चमध्ये राहिलेच. त्यात मिशनऱ्यांनी आणलेले पंथ वेगळे, अँग्लिकन, मेथडिस्ट, अमुक तमुक, म्हणजे आधीच फुटलेल्या गावात आणखी फूट. म्हणून १९१९ च्या तमिळनाडूतल्या ट्रांकेबारच्या बैठकीपासून ते चर्च एकत्र करायच्या मागे लागले होते. असे पंथ मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया झालं २७ सप्टेंबर १९४७ ला, अझरिया जाऊन अडीच वर्षं होऊन गेली होती. आणि हो, ते कॅथेड्रल पैशाअभावी वर्षानुवर्षं रखडलं होतं, १९३९ ला कुठे प्रतिष्ठा झाली.