एकाच झुडपावर निळे आणि गुलाबी हायड्रेंजिया, झाडाला रोग झालाय का?

डोंगरातली_बाग (पाचगणी):
नमस्कार मंडळी. आमच्या परसात, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत हायड्रेंजियाचं झुडूप आहे. सासूबाईंनी लावलेलं, तीस वर्षं तरी झाली असतील. मे महिन्यात त्याला निळेभोर गेंद येतात. यंदा अंगणाकडच्या बाजूचे नेहमीसारखे निळे आले, पण भिंतीकडचे सगळे गुलाबी! मधल्या फांदीवरचा एक गेंद धड निळा नाही, धड गुलाबी नाही. जवळून पाहिलं तर एकेका पाकळीच्या मध्याशी निळसर झाक आहे आणि कडेला गुलाबी.

पानं हिरवीगार आहेत, कीड दिसत नाही. खत तेच शेणखत, पाणीही तेच.

आणखी एक. तीन वर्षांपूर्वी याच झुडपाची फांदी लेकीला पुण्याला लावायला दिली होती. तिच्याकडे कुंडीत पहिल्या बहरापासून गुलाबीच फुलं. मी तिला म्हटलं, "माझी फांदी जळली असणार, तू नर्सरीतून दुसरं रोप आणलंस." तिला ते फार लागलं होतं. आता माझ्याच दारात तेच घडतंय. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या हातचं एवढं एकच झाड उरलंय. ते जाणार नाही ना, कृपया सांगा.

गच्चीवरची_कुंडी (पुणे):
काकू, तुमची लेक खरंच सांगत होती. मीही महाबळेश्वरहून निळं फुललेलं रोप आणलं होतं, दुसऱ्या वर्षी गुलाबी झालं. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीच्या तळाला पांढरा थर धरतो. एकाने गंजके खिळे पुरायला सांगितले, म्हणून मूठभर पुरले. दोन वर्षं झाली, रंगात काही फरक नाही. झाड मात्र छान आहे.

मातीवेडा (चिपळूण):
काकू, घाबरू नका, हा रोग नाही. निळ्या आणि गुलाबी फुलांत रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन जातीचं. त्याला अ‍ॅल्युमिनियमची जोड मिळाली की निळा रंग उमटतो, नाही मिळाली की गुलाबी. तुमच्याकडच्या जांभ्याच्या मातीत अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, पण माती आंबट असेल तरच ते विरघळून मुळांना मिळतं. मातीचा सामू (pH, जितका कमी तितकी माती आंबट) साधारण साडेपाचच्या खाली असला की फुलं निळी, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी. त्यामधल्या पट्ट्यात तुमच्या मधल्या गेंदासारखी जांभळट, मिसळलेली. जड पाण्यातल्या क्षारांनी कुंडीतल्या मातीचा सामू हळूहळू चढतो, पुण्यात दोन्ही ठिकाणी तेच झालं असणार. खिळ्यांचा उपयोग झाला नाही कारण त्यात लोखंड असतं आणि इथे काम अ‍ॅल्युमिनियमचं.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत जास्त झालं तरी निळाई जाते, कारण स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला धरून ठेवतं. पण तुम्ही शेणखतच घालता आणि रंग एकाच बाजूचा बदललाय. म्हणून विचारतो, त्या भिंतीचं गेल्या वर्षात काही काम काढलं होतं का?

डोंगरातली_बाग:
हो! दिवाळीनंतर जुना गिलावा झोडून नवा करून घेतला, वरून चुन्याचे दोन हात दिले. गवंड्याने झुडपावर गोणपाट टाकलं होतं, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुमचं उत्तर वाचून लगेच खुरपं घेऊन गेले. भिंतीपासून वीतभर अंतरावर उकरलं तर तांबड्या मातीत राखाडी-पांढरे खडे, काही सुपारीएवढे, काही आवळ्याएवढे. खाली पडलेला माल तिथेच मातीत दाबून टाकलेला. झाडाची केसांसारखी बारीक मुळं त्या खड्यांना वेढून बसली होती. एक खडा बशीत ठेवून त्यावर व्हिनेगर ओतलं तर चुरचुर आवाज करत फेस आला. अंगणाकडच्या मातीवर ओतलं, तिथे काहीच नाही.

मातीवेडा:
म्हणजे चुनाच. आता हाताने जेवढे खडे निघतील तेवढे काढा, पण मुळं उघडी पाडू नका. हायड्रेंजियाची मुळं उथळ असतात, कुदळ तर नकोच. वरची सैल माती काढून अंगणातली तांबडी माती आणि पानांचं कुजलेलं खत भरा. निळा रंग लवकर हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियम सल्फेट मिळतं. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा, तेही आधी साधं पाणी देऊन माती ओली केल्यावरच. जास्त घातलं तर मुळं करपतात. मला विचाराल तर तुमच्याकडचा पाऊसच बराच चुना धुऊन नेईल, एक पावसाळा थांबा. उमललेले गेंद आता निळे होणार नाहीत, फरक पुढच्या बहराला दिसेल.

आणि रंगासाठी म्हणून हिवाळ्यात छाटणी करू नका. या जातीचे कळे आदल्या वर्षीच्या फांदीवर धरतात, फांदी छाटली की पुढचं फूल गेलं.

कामाकुराजवळून_एक:
मी जपानमध्ये राहते. हे झाड मूळचं इथलंच, इथे त्याला अजिसाई म्हणतात. जूनच्या पावसात ते फुलतं. कामाकुराच्या मेइगेत्सु-इन देवळात तर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नुसती निळाई असते. ज्वालामुखीची आंबट माती आणि भरपूर पाऊस, त्यामुळे निळा रंग जास्त. पण आमच्या गल्लीत सिमेंटच्या कुंपणाला टेकलेल्या झुडपांवर गुलाबी गेंद येतात, तुमच्यासारखेच. काकू, एक सांगते, ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाची पाकळ्यांबाहेरची दलं असतात. खरी फुलं मधे, मोहरीएवढी. निदलं टिकाऊ, म्हणून गेंद आठवडे न् आठवडे राहतो आणि जुना होताना हिरवट पडतो. तेव्हा पुढे हिरवी झाक दिसली तर पुन्हा घाबरू नका.

डोंगरातली_बाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दोन घमेली भरून खडे काढले. खालची माती वासालाही वेगळी होती, ओल्या भिंतीसारखी. अंगणातली माती भरली, सल्फेट घालणार नाही, पावसाची वाट बघते.

लेकीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "आई, फांदी आजीचीच आहे गं, मी कुठे बदलणार?" पाऊस लागला की भिंतीकडच्या गुलाबी बाजूची एक फांदी उतारावरच्या जांभ्याच्या बांधाला लावणार आहे, त्या मातीला चुना कधी लागलेला नाही. कळा धरला की इथे येऊन कळवते.