चाचणीत शून्य, तरी शेवाळ का?
खाऱ्या पाण्याच्या प्रवाळटाकीत केसाळ शेवाळ माजलंय, पण चाचणीत फॉस्फेट (शेवाळाचं खत) शून्य दाखवतंय म्हणजे पाणी स्वच्छ आहे, नुसते दिवे कमी करा, हे वरचं म्हणणं मला पटत नाही. केसाळ शेवाळ फॉस्फेट पाण्यात आल्याआल्या ओढून घेतं, म्हणून किटमध्ये ते दिसत नाही. दिवे फार कमी केले तर प्रवाळांचेच हाल. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडा, हे मात्र एकदम मान्य, फक्त आधी हातानं उपटून शेवाळ आखूड करा. लांब वाढलेल्याला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

पण टाकीत घालताय ते पाणी कुठलं, हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे बेळगावात नळाला राकसकोप धरणाचं पाणी, आणि उन्हाळ्यात नळ लांबला की घरची विहीर. दोन्ही मी स्वयंपाकघरातल्या आरओतून काढून त्यात मीठ कालवायचो, रोज वाफ होऊन घटलेल्या पाण्याची भरही त्याचीच. विहिरीच्या दिवसांत एकदा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर ७०! घरगुती आरओंत बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. प्यायला ते ठीक, पण विहिरीतलं नायट्रेटही, म्हणजे शेवाळाचं आणखी एक खत, त्याच वाटेनं टाकीत येतं आणि साचत जातं. आता कंट्रोलर नसलेला आरओ, त्यामागे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन, मीटरवर ०. तरी शेवाळ हटायला चार महिने लागले, कारण टाकीतल्या खडकात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. तेवढे दिवस दर रविवारी उपटत बसलो.