मध्ययुगीन युरोपातली व्याजबंदी: गरिबाला तारलं की अजून गाळात घातलं?

खतावणी

गेले काही महिने मध्ययुगीन इटलीतल्या बँकांबद्दल वाचतोय, कर्जवसुलीच्या खात्यात 19 वर्षं नोकरी केल्यामुळे विषय जरा जास्तच जवळचा वाटतो. म्हणून हा धागा.

1179 मध्ये रोमला तिसरी लॅटरन परिषद झाली, त्यात चर्चने ठरवलं की जो उघडपणे व्याजाचा धंदा करतो त्याला कम्युनियन (चर्चमधला पवित्र प्रसाद) द्यायचं नाही आणि त्या पापात मेला तर ख्रिस्ती पद्धतीने पुरायचंही नाही. 1311-12 च्या, आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन गावच्या परिषदेत तर त्याच्याही पुढे गेले, व्याज घेणं पाप नाही असं हट्टाने म्हणणारा पाखंडी धरला जाईल. आणि व्याज म्हणजे फक्त अवाच्या सवा व्याज नव्हे, मुद्दलावर एक पैसा जास्त घेतला तरी ते व्याजच.

माझं मत स्पष्ट सांगतो, या बंदीने व्याज थांबलं नाही, फक्त मोठ्यांना लपवायला जागा मिळाली आणि लहान माणसाला कर्ज महाग झालं. फ्लॉरेन्सच्या बँका काय करायच्या बघा. तुम्हाला फ्लॉरेन्समध्ये फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) हवेत, बँक देणार, पण कागदावर ते कर्ज नाही तर हुंडी, म्हणजे हे पैसे तुम्ही 90 दिवसांनी लंडनमध्ये पौंडात फेडायचे. मग लंडनहून उलटी हुंडी फ्लॉरेन्सला. दोन्ही शहरातले भाव असे असायचे की जाऊन येऊन साधारणपणे बँकेच्या हातात जास्तच पैसे पडायचे. हे व्याज नाही, चलनाची अदलाबदल आहे, असं सगळे म्हणणार. 1397 मध्ये सुरू झालेली मेदिची बँक अशा हुंड्यांवर मोठी झाली आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण तर खुद्द पोप!

हुंडी लिहायला लंडनला शाखा लागते. बी-बियाण्याला चार नाणी हवी असलेल्या शेतकऱ्याने काय करायचं? त्याने भांडी-कपडे गहाण ठेवायला गावातल्या छोट्या सावकाराकडे जायचं, आणि तो सावकार बदनामीची किंमतसुद्धा दरात लावणार.

नांगरट

पूर्ण असहमत. तुम्ही बँकेच्या काउंटरच्या आतून बघताय, मी बाहेर रांगेत उभा राहून बघतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळेला सावकाराने जमीन ओढलेली आहे त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

आधी हे लक्षात घ्या की 12व्या शतकात खेड्यातलं कर्ज धंद्यासाठी नव्हतंच. पीक गेलं, बैल मेला, पोटाला नाही म्हणून कर्ज. अशा माणसाकडून जास्तीचे पैसे मागणं म्हणजे त्याच्या उपाशीपणावर कमाई करणं, चर्चचं म्हणणं मुळात एवढंच होतं आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं. आणि चर्चने हे फक्त दुसऱ्यांना सांगितलं असंही नाही. 1163 ला फ्रान्समधल्या तूर शहरात झालेल्या परिषदेत पोप अलेक्झांडर तिसरा याने आपल्याच मठवाल्यांना धरलं. मठ काय करायचे, अडलेल्याची जमीन ताबेगहाण घ्यायचे, तिचं सगळं पीक खायचे आणि ते मुद्दलातून वजाच करायचे नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षं पीक मठाचं आणि कर्ज जिथल्या तिथे. पोपने सांगितलं की खर्च जाऊन जे उत्पन्न येईल ते मुद्दलात धरा, आणि मुद्दल फिटलं की जमीन परत करा. आमच्या आजोबांच्या सावकाराला हे सांगणारा कोणी भेटला असता तर!

दुसरं, धंद्याला पैसा मिळत नव्हता हे साफ चूक. जेनोआ-व्हेनिसमध्ये कमेंडा नावाची भागीदारी चालायची, एकाने पैसा घालायचा, दुसऱ्याने माल घेऊन समुद्रावर जायचं, नफ्याचे तीन हिस्से पैसेवाल्याचे आणि एक जाणाऱ्याचा. जहाज बुडालं तर पैसा पैसेवाल्याचा गेला. यात पाप नव्हतं कारण धोका दोघांच्या वाट्याला होता. धोका न घेता नुसतं बसून खाणं, त्याला विरोध होता.

पिंपळपान

दोघंही सर्वात मोठा मुद्दा सोडून बोलताय. ख्रिश्चनांना बंदी घातली म्हणून ते काम ज्यूंच्या गळ्यात आलं (सगळंच नाही, लोंबार्ड म्हणजे उत्तर इटलीतले सावकार ख्रिश्चनच होते), जमीन आणि बरेचसे धंदे त्यांना बंद होत गेले होते, आणि मग त्याच कामासाठी त्यांना मारलं.

इंग्लंडचंच उदाहरण घेते. लिंकनचा एरन हा ज्यू सावकार 1186 ला वारला, सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठांनीसुद्धा त्याच्याकडून बांधकामासाठी कर्ज घेतलं होतं. वारल्यावर राजाने त्याची सगळी येणी स्वतःच्या नावावर केली, ती इतकी होती की वसुलीला वेगळं खातं उघडावं लागलं. म्हणजे सावकार ज्यू, पण ताव मारणारा राजा. मग मार्च 1190, यॉर्क. जमावात पुढे होते ते कर्जात बुडालेले सरदार. ज्यू कुटुंबं किल्ल्याच्या बुरुजात अडकली, साधारण दीडशे माणसं गेली, बऱ्याच जणांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच जीव दिला. आणि त्यानंतर जमाव कुठे गेला? कॅथेड्रलमध्ये, जिथे कर्जरोखे ठेवले होते, ते तिथेच जाळले.

1875 ला सुप्याला आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले ते शाळेत शिकलोय सगळे, पण तिथे राग बऱ्यापैकी कागदावर निघाला, इथे आधी माणसं मारली. आणि यॉर्कनंतर सरकारने धडा काय घेतला तर 1194 ला नियम केला की प्रत्येक रोख्याच्या दोन प्रती करा आणि एक सरकारी पेटीत ठेवा. माणसांची नाही, रोख्यांची काळजी. शेवटी 1290 ला एडवर्ड पहिला याने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्यांची येणी राजाकडे आली आणि पार्लमेंटने खुश होऊन त्याला भला मोठा करही मंजूर केला. कर्जदारांना वाटलं सुंठीवाचून खोकला गेला.

नांगरट, तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण चर्चच्या नियमाची किंमत कुणी चुकवली ते पण हिशोबात धरा.

दगडी_वाडा

+1 पिंपळपान. यॉर्कला जाऊन आलोय, तो टेकडीवरचा बुरुज आता दगडी आहे, 1190 चा लाकडी होता तो जळला. वसंतात टेकडीवर पिवळी डॅफोडिल फुलतात. बराच वेळ नुसता उभा होतो.

खतावणी

पिंपळपान, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आणि तो माझ्या बाजूचाच आहे असं मला वाटतं. आकडे देतो. 1244 ला ऑस्ट्रियाच्या ड्यूकने ज्यूंना जी सनद दिली त्यात कमाल दर होता आठवड्याला पौंडामागे 8 पेनी. पौंडात 240 पेनी, वर्षाचे 416 झाले, म्हणजे 173 टक्के. इंग्लंडमध्ये आठवड्याला 2 पेनी, म्हणजे 43 टक्के. जिथे सावकाराला आपलं घर पुढच्या वर्षी असेल का, राजा कधी सगळं ओढून नेईल याची खात्री नाही तिथे दर असाच असणार. कमी दरात धंदा करू शकणाऱ्या माणसाला तुम्ही नरकाची भीती घातली आणि मैदानात उरला तो आधीच जिवावर उदार झालेला.

नांगरट

173 टक्के चर्चने लावले नाहीत, ड्यूकने मान्य केले, कारण सावकाराकडून त्याला कर वसूल करायचा होता. चर्चच्या माथी का मारताय? उलट 1215 च्या परिषदेत ज्यूंनी जास्त व्याज घेऊ नये असं चर्चने म्हटलंय. (त्याच परिषदेने ज्यूंना वेगळे कपडे घालायला लावले, ते लाजिरवाणं आहे, ते मी झाकत नाही.)

आणि नरकाच्या भीतीला तुम्ही हलकं समजू नका. त्या भीतीने पैसा परत यायचा. मरताना मृत्युपत्रात लिहायचे की अमक्याकडून घेतलेलं व्याज परत करा. इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेन्यी घराण्यात बाप बदनाम सावकार, मुलाने 1300 च्या सुमारास जागा घेऊन चॅपल (छोटं प्रार्थनाघर) बांधलं, जोत्तो या चित्रकाराने आत चित्रं काढली आणि त्यातच तो मुलगा हात पुढे करून चॅपल अर्पण करताना दाखवलाय. प्रातोचा व्यापारी दातिनी, ज्याच्या वह्यांवर 'देवाच्या आणि नफ्याच्या नावाने' लिहिलेलं असायचं, तो 1410 ला वारला तेव्हा जवळपास 70,000 फ्लोरिन गरिबांच्या संस्थेला ठेवून गेला. आज कुठला वसुली अधिकारी मनाला टोचतं म्हणून व्याज परत करतो? जनाची नाही तर मनाची तरी होती.

खतावणी

दातिनीचे पैसे गरिबांना मिळाले ते तो मेल्यावर. आणि चॅपलमुळे ज्याची जमीन गेली त्याला काय मिळालं? चित्र बघायला मिळालं.

पिंपळपान

एक गोष्ट दोघांनी अजून काढली नाही म्हणून लिहिते. 1462 ला पेरुजात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने मोंते दि पिएता सुरू झाली, म्हणजे गरिबांसाठी गहाणवटीची पेढी. दान गोळा करून भांडवल, वस्तू तारण ठेवायची, थोडक्या पैशात कर्ज, 5-10 टक्क्यांच्या आसपास. नांगरट म्हणतात ती करुणा इथे खरोखर दिसते. पण त्याच पेढ्यांचा सगळ्यात मोठा प्रचारक बेर्नार्दिनो दा फेल्त्रे गावोगाव ज्यूंविरुद्ध आग ओकत फिरायचा. 1475 ला तो त्रेंतोमध्ये प्रवचनं देऊन गेला आणि त्यानंतर काही आठवड्यात तिथल्या ज्यूंवर एका लहान मुलाच्या खुनाचा खोटा आळ घेऊन छळ करून त्यांना ठार मारलं. एकाच माणसाच्या तोंडात स्वस्त कर्ज आणि द्वेष, मला हे वेगळं काढता येत नाही.

नांगरट

त्रेंतोबद्दल काही बोलायला तोंड नाही, ते वाईटच. पण पेढीचं श्रेय तरी द्याल की नाही? व्याजाला पाप म्हणणाऱ्यांनीच ती काढली. खतावणींच्या फ्लॉरेन्सच्या बँकांनी नाही काढली.

खतावणी

श्रेय देतो. पण ते 5 टक्के सुद्धा पाप आहे म्हणून डोमिनिकन साधूंनी पन्नास वर्षं भांडण लावून धरलं, कारण नियम तसाच लिहिला होता. शेवटी 1515 ला पाचव्या लॅटरन परिषदेत पोप लिओ दहावा याने सांगितलं की पेढीच्या खर्चापुरतं जास्त घेतलं तर ते व्याज नव्हे. त्या पोपचं घरचं नाव जोव्हान्नी दे मेदिची, बँकवाल्यांचाच मुलगा. 1179 पासून मोजलं तर 336 वर्षं. तेवढ्या वर्षांत किती शेतकऱ्यांनी किती भांडी गहाण टाकली असतील, ते कुठल्याच वहीत नाही.